क्रूझरमध्ये दहा जण

मार्च २०२१, कोरोनाचे दिवस. पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून कापून देते.

"मावशी, घरी आम्ही पाच जण. मी, आमच्या घरचे, सासूबाई आणि दोन पोट्टे. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. मागच्या वर्षी मे महिन्यात हैदराबादला रामोजी फिल्म सिटी पाहायला जायचं ठरलं होतं, तर लॉकडाऊन लागलं. यंदा तुरीचे, कापसाचे पैसे हाती आले म्हणून धुळवडीला जोडून तीन दिवसांचं पुन्हा ठरवलं. अमरावतीच्या नणंदबाई, नंदोई आणि त्यांची दोन मुलं सोबत येणार. क्रूझर गाडी सांगितली, तीन हजार इसार दिला. लॉजचे अर्धे पैसे भरून झाले. आता अमरावतीत लॉकडाऊन लागलं. आमच्या घरचे म्हणतात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कुठं गेला होता कोरोना? सासूबाईंना शुगर अन् बीपी दोन्ही, वय सदुसष्ट. त्या म्हणतात, मले काही होत नाही, माह्यासाठी पोट्ट्यायचं मन नका मोडू. नणंदबाईंना मी फोनवर नुसतं विचारलं तर म्हणाल्या, आमच्या घरात सारे ठणठणीत आहेत, तुम्हाले आम्ही चालत नाही असं सांगा ना सरळ. मुलगा कॅलेंडरवर रोज एक फुली मारतो. जावं का पुढं ढकलावं? लग्नाला तेरा वर्षं झाली, आदिलाबादच्या दवाखान्यापलीकडे मी काही पाहिलं नाही, हे तुम्हाला म्हणून लिहिते."

पोरी, पुढे ढकला.

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे खालचं सगळं धाकधुकीत वाचायला नको. तसंही पत्र वाचून वाटलं, की तुझं ठरलेलं आहे, फक्त 'नाही' हा शब्द तोंडातून काढायला कोणी दुसरं पाहिजे. ते काम मी करते. ३४ वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली, लोकांच्या शिव्या खायची सवय आहे.

तुझ्या मालकांचा मुद्दा आधी घेते, कारण तो काही उगाचचा नाही. १५ जानेवारीला मतदान झालं, १८ तारखेला निकाल लागला, गावोगावी गुलाल उधळला, मास्क कोणाच्या हनुवटीवर तर कोणाच्या खिशात. तेव्हा कोणी हटकलं नाही. आणि आता शेतकऱ्याने चार पैसे गाठीला आले म्हणून लेकरांना घेऊन जायचं म्हटलं, तर जो तो नियम सांगतो. राग येणारच. मलाही येतो. पण जानेवारीत आकडे उतरत होते आणि आज ते आपल्याच विभागात चढताहेत. नाल्याचं पाणी ओसरत असताना पाय टाकणं वेगळं, वर पाऊस कोसळत असताना टाकणं वेगळं. नाला तोच असतो, माणूसही तोच असतो. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर बंद केलं ते उगाच हौस म्हणून नाही केलं.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. जानेवारीत नात्यातल्या एका लग्नात मी पंगतीला बसले. वांग्याची भाजी, वरण-पोळी, शेजारी अनोळखी माणसं, मास्क पर्समध्ये. चौथ्या दिवशी फोन आला, की आचाऱ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. मग मी माझ्याच घरात मागच्या खोलीत दहा दिवस राहिले. सून ताट दाराशी ठेवून जायची. मला काही झालं नाही. पण रोज सकाळी उठून चहाच्या पत्तीचा वास घेऊन पाहायचे, येतो की नाही. ज्या बाईने गावाला वर्षभर हात धुवायला शिकवलं, ती स्वतः असं वागली. तेव्हा तुझ्या मालकांना मी नावं ठेवणार नाही.

आता फिल्म सिटीचं. सगळे विचारतात ते तिथल्या गर्दीचं, गेटवर ताप पाहतात की नाही याचं. १८ फेब्रुवारी २०२१ पासून ती पर्यटकांसाठी पुन्हा उघडली आहे. दीड हजार एकरांहून मोठी जागा, त्यातली बरीचशी उघड्यावर. शोसाठी बंद हॉलमध्ये बसावं लागतं आणि बसमधून फिरवतात, तिथे जपायला पाहिजेच. तरी खरं सांगू? मला त्या बागा आणि सेटपेक्षा तुमच्या क्रूझरची जास्त भीती वाटते.

हिशेब करून पाहा. पांढरकवड्याहून, म्हणजे तुमच्या तालुक्याच्या गावाहून, हैदराबाद साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि फिल्म सिटी शहराच्याही पल्याड, विजयवाड्याच्या रस्त्यावर. चहा, जेवण, पोट्ट्यांच्या उलट्या धरून आठ तास कुठे गेले नाहीत. मार्च सरताना आपल्याकडे ऊन काय असतं ते तुला सांगायला नको. काचा उघडल्या तर झळा, म्हणून काचा लावून एसी. ड्रायव्हर धरून दहा जण, मागच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा. एकाच्या नाकातोंडातून निघालेली हवा बाकीचे नऊ जण आठ तास आत ओढणार. मास्क लावू म्हणशील. पाटणबोरी येईपर्यंत चिवड्याची पिशवी फुटलेली असते आणि सगळ्यांचे मास्क गळ्यात आलेले असतात. हे मी कोणाला टोमणा म्हणून सांगत नाही, प्रवास असाच असतो. खाणं, गाणी, एकमेकांच्या मांडीवर झोपणं, हीच तर त्यातली मजा. म्हणून तर 'काळजी घेऊन जाऊ' या शब्दांवर माझा भरवसा नाही. आठ तास जाताना, आठ तास येताना, आणि मधल्या दोन रात्री दोन खोल्यांत नऊ जण.

नणंदबाई म्हणतात घरात सारे ठणठणीत आहेत. असतीलही. अडचण अशी आहे, की हा आजार अंगात शिरल्यावर लक्षण दिसायला दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत कितीही लागू शकतात, बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवशी कळतं. आणि लक्षण दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. काहींना तर शेवटपर्यंत काहीच होत नाही, शिंकसुद्धा येत नाही, पण ते वाटत फिरतात. कपाळावर धरायचं ते ताप पाहायचं यंत्र फक्त ताप पाहतं. ताप यायच्या आदल्या दिवशी ते सगळ्यांनाच 'जा पुढे' म्हणतं. त्यामुळे ठणठणीत असणं आणि निर्धोक असणं या दोन गोष्टी सध्या एक राहिलेल्या नाहीत. अमरावतीकरांच्या बाबतीत नाहीत आणि तुमच्याही बाबतीत नाहीत. उद्या तुमच्याच मुलाकडून नणंदेच्या घरी गेला तर? हे त्यांना सांगताना असंच उलटून सांगा, फरक पडतो.

सासूबाईंचं बोलणं वाचून मला माझी आई आठवली. "मले काही होत नाही" हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका पाय सुजला असला तरी म्हणतात. त्यांना विचारून हा निर्णय घेता येत नाही, कारण त्या कधी स्वतःच्या बाजूने बोलणारच नाहीत. साठीच्या वर वय आणि वरून शुगर, बीपी. या आजाराने आतापर्यंत सगळ्यात जास्त कोणाला छळलं असेल तर अशाच माणसांना. मग कोणी म्हणेल, आजीला घरी ठेवून आपण जाऊन येऊ. त्यानेही सुटत नाही. परत आल्यावर तुम्ही कुठे जाणार? त्याच घरात, त्याच चुलीपाशी, मुलगी आजीच्याच अंथरुणात शिरणार. ३१ मार्चला परत आलात आणि चौदा दिवस वेगळं राहायचं म्हटलं तर गुढीपाडवा त्यातच जातो, तो यंदा १३ एप्रिलला आहे. त्या दिवसांत गहू काढायचा की खोलीत बसायचं? सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या गड्याचं, पाडव्याला बोलणं असतं, माणसं घरी येणार-जाणार. शेतकऱ्याच्या घरात वेगळी खोली आणि वेगळे चौदा दिवस, दोन्ही नसतात.

आणि समजा तिकडेच कोणाला ताप भरला. गावात ताप आला तर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. आधी आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, मग तालुक्याचा दवाखाना, तिथून यवतमाळचं मेडिकल, नाहीतर वर्ध्याकडचे सावंगी किंवा सेवाग्रामचे दवाखाने, ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच. हैदराबादला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लॉजवाला ठेवून घेईल का? ड्रायव्हर तुम्हाला त्याच गाडीत परत आणेल का? आणला तरी बाकीचे आठ जण त्याच गाडीत बसणार. इथे मी थांबते, तुला झोप लागली पाहिजे.

मी लहान होते तेव्हा देवी निघायच्या. १९७५ नंतर देशात त्या रोगाचा माणूस राहिला नाही, त्यामुळे तुमच्या पिढीने तो पाहिलेला नाही. ज्या घरात देवी निघाल्या त्या घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागायचा. डहाळा दिसला, की पाहुणा अंगणातूनच मागे फिरायचा, आणि त्याचं कोणाला वाईट वाटायचं नाही. ठरलेलं लग्नसुद्धा पुढच्या मुहूर्तावर जायचं. "आई घरात आहे" एवढं म्हटलं की झालं, पुढे कोणी विचारत नसे. त्यात अंधश्रद्धा होती, नाही असं नाही, लस टोचणाऱ्यांना लोकांनी दारात उभं केलं नाही हेही खरं. पण त्या एका डहाळ्यामुळे 'येऊ नका' हे कोणाला तोंडाने म्हणावं लागत नसे. आपल्याजवळ आज तो डहाळा नाही. म्हणून मग नणंद-भावजयीत 'आम्ही चालत नाही का' असं होतं.

तेव्हा हा फोन तू करायचा नाहीस. तुझ्या मालकांनी करायचा. बहीण त्यांची आहे. तू केलास तर ते भावजयीचं बोलणं होतं, वर्षानुवर्षं निघत राहतं, राखीला निघतं, भाऊबीजेला निघतं. भावाने केला तर ते भावाचं बोलणं राहतं. व्हॉट्सॲपवर लिहून नको, आवाज पाठवून नको. संध्याकाळी जेवणं झाल्यावर फोन. आणि सुरुवात "तुमच्याकडे कोरोना आहे" अशी नको. "बाई, आईची शुगर कमी होत नाही, तिला लस देऊन घेतो, तोवर थांबू. तुझ्याशिवाय आम्ही जात नाही" एवढं पुरे. आई त्यांचीही आहे. शेवटचं वाक्य विसरायचं नाही, कारण नणंदबाईंना खरी भीती तीच आहे, की त्यांना वगळून तुम्ही जाल. आणि मग खरोखरच त्यांना वगळून जायचं नाही, हेही आलं.

तुझे मालक तयार होतील का? होतील असं मला वाटतं. जो माणूस दोन वर्षं लेकरांची सहल डोक्यात ठेवतो, तो आईच्या शुगर-बीपीचं ऐकून न ऐकल्यासारखं करणार नाही. त्यांना फक्त असं वाटायला नको, की घरातल्या बायांनी मिळून त्यांची सहल बुडवली. हा अंक त्यांच्या हाती दे हवं तर, आणि राग काढायचा तर माझ्यावर काढू दे.

पैशाचं थोडक्यात. क्रूझरवाला आपल्याच भागातला असणार. त्याची गाडी मागचं वर्षभर दारात उभी होती, हप्ता मात्र उभा राहिला नसेल. इसार परत मागू नका, पुढच्या तारखेला वळता करून घ्या आणि एका कागदावर दोन ओळी लिहून घ्या. लॉजला आत्ताच फोन करून तारीख बदलून मागा. आदल्या दिवशी केलेल्या फोनचा काही उपयोग होत नाही. थोडेफार बुडाले तर बुडू द्या.

राहिले पोट्टे. ज्या मुलीने वर्षभरात शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि ज्या मुलाची शाळा २७ जानेवारीला उघडून जेमतेम तीन आठवड्यांत पुन्हा बंद झाली, त्यांना सहलीचं 'नाही' सांगायचं म्हणजे जड आहे. म्हणूनच 'बघू' म्हणू नका. 'बघू' म्हणजे नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक लेकराला दुसरीतच कळतं. गाडी बिघडली, लॉज बंद झालं, असलं खोटंही नको. सातवीतला मुलगा मोबाइलवर दोन मिनिटांत खरं काढतो, आणि मग सहलही जाते आणि बापाचा शब्दही जातो. त्याला समोर बसवून खरं सांगा, आजीची शुगर, क्रूझरच्या बंद काचा, सगळं. त्याला हिशेब समजतो. आणि कॅलेंडर फाडायचं नाही. फुल्या मारतो आहे तर मारू दे, फक्त फुल्या कशाच्या ते बदलायचं. आजीला लशीचा पहिला डोस झाला, एक फुली. आत्ताच्या, म्हणजे मार्च २०२१ च्या, नियमाने २८ दिवस मोजायचे. दुसरा डोस, दुसरी फुली. मग आणखी पंधरा दिवस. हे मोजायचं काम त्याच्याकडे द्या. आजीला दवाखान्यात न्यायची आठवण मग तुला करावी लागणार नाही, तोच भुणभुण करेल.

धुळवडीला मात्र घरात कोंडून ठेवू नका, नाहीतर पोट्टे गावातल्या रंगाच्या घोळक्यात जातील, ते क्रूझरपेक्षा बरं नाही. तुमच्या दाराशी टिपेश्वरचं अभयारण्य आहे. लोक नागपूर-पुण्याहून तिथे वाघ पाहायला येतात, आणि आपल्या तालुक्यातली निम्मी माणसं कधी आत गेलेली नसतात. त्या दिवसांत सफारी सुरू आहे का ते आधी विचारून घ्या. असली तर फक्त तुम्ही घरचे, उघड्या जिप्सीत, भल्या पहाटे. मुलाला आधी एक गोष्ट सांग. याच टिपेश्वरमधला एक तरुण वाघ २०१९ मध्ये घर सोडून निघाला, तेलंगणात जाऊन आला, शेतं, रस्ते, नाले ओलांडत १३०० किलोमीटरच्या वर चालला आणि थेट बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. रात्रीचा चालायचा, दिवसा दडून राहायचा. त्याची सहल तुमच्या सहलीच्या दुप्पट लांब, आणि क्रूझरही नव्हती. सफारी बंद असली तर शेतात हुरडा नाही पण हरभऱ्याचा होळा तर होईल अजून कुठे उशिराच्या पेऱ्यात. तेवढ्याने रामोजीची भरपाई होणार नाही हे मला कळतं, लेकरांनाही कळेल.

मग जायचं कधी? मे महिन्याचं नाव काढू नका. लशीचा हिशेब एप्रिलच्या शेवटाला जातो, आणि मेमध्ये हैदराबादच्या उन्हात सदुसष्ट वर्षांच्या बाईला फिरवणं हा वेगळाच आजार. त्यानंतर पेरणी. मी आत्ता तारीख धरणारच नाही, अट धरा. सासूबाईंचे दोन्ही डोस होऊन पंधरा दिवस झाले पाहिजेत. आशाताई म्हणाली पाहिजे, की महिनाभरात आसपासच्या गावांत नवा रोगी नाही. आणि नणंदेचं कुटुंब त्यांच्या गाडीने, तुम्ही तुमच्या गाडीने. भेट फिल्म सिटीच्या गेटवर. हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर कापसाचा वेचा दोन दिवस थांबेल. नाही जमलं तर संक्रांतीनंतर.

पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तेरा वर्षं, आणि आदिलाबादचा दवाखाना. सगळं पत्र पोट्ट्यांच्या नावाने लिहिलंस आणि तुझं स्वतःचं एका ओळीत, तेही 'तुम्हाला म्हणून'. पोट्ट्यांना दोनदा समजावशील, नणंदेला समजावतील, सासूबाईंची समजूत निघेल, तुझी कोण काढणार? हे आपल्या मालकांना एकदा सांग, भांडताना नको, असंच. त्यांना माहीत नसेल. बहुतेक माणसांना खरंच माहीत नसतं.

आणि सोमवारी, म्हणजे ८ तारखेला, सासूबाईंना लशीला ने. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना देणं सुरू झालं आहे, सध्या सरकारी दवाखान्यात फुकट, खाजगीत २५० रुपये. कोणत्या दवाखान्यात कोणत्या दिवशी देतात ते आशाताईला आजच विचारून ठेव. आधार कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत घे. सकाळची शुगरची गोळी आणि न्याहारी चुकवायची नाही, बऱ्याच बाया उपाशी येतात आणि रांगेत चक्कर येऊन पडतात. सैल बाहीचं पोलकं घालायला सांग. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, घाई करायची नाही. रात्री कणकण आली, हात दुखला तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत जातं. मुलाला सोबत न्यायचं असेल तर बाहेर झाडाखाली उभा राहू दे, आत नको.